नाईलचा पूर आणि प्राचीन इजिप्तचा शेतकरी

प्राचीन संस्कृतींच्या पाठमालेत इजिप्तचा पाठ बहुधा पिरॅमिडांपासून सुरू होतो आणि ममींपाशी संपतो. विद्यार्थ्यांच्या मनात त्या देशाचे जे चित्र उरते ते राजांचे व थडग्यांचे असते. ज्या शेतकऱ्यांच्या धान्यावर ते राजे पोसले गेले आणि ती थडगी उभी राहिली, त्यांचा उल्लेख एखाद्या वाक्यापुरता येतो. इजिप्त देश ही नाईल नदीची देणगी आहे, एवढे सांगून शेतीचा विषय आटोपला जातो.

हे विधान खोटे नाही, पण ते अर्धेच खरे आहे. नदी पाणी देत असे व गाळ देत असे; धान्य देत नसे. पाणी शेतात घेणे, ते ठराविक दिवस अडवून धरणे, वेळ येताच सोडून देणे, वाहून गेलेल्या हद्दी पुन्हा मोजणे आणि आलेले पीक पुढील सालासाठी साठविणे ही सर्व कामे माणसांची होती व ती दरसाल नव्याने करावी लागत. पूर थोडा उणा आला तर उपासमार आणि थोडा अधिक आला तर नासाडी, अशा अरुंद मर्यादेत हा देश तीन हजार वर्षांहून अधिक काळ जगला. एवढी गोष्ट विद्यार्थ्यांस नीट उमगली, तर पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे. खेड्यातील शाळेत हा विषय शिकविणे तुलनेने सोपे आहे; कारण बांध, गाळ, वाफसा, खळे, मोजणी हे शब्द तेथील मुलांना पुस्तकातून शिकावे लागत नाहीत.

देशाची रचना

प्रथम आफ्रिका खंडाचा नकाशा वर्गात लावावा. नाईल नदीची लांबी सुमारे ६,६५० किलोमीटर आहे. ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते व भूमध्य समुद्रास मिळते. नकाशात ती खालून वर जाताना दिसते, म्हणून विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो. ‘वरचा इजिप्त’ म्हणजे दक्षिणेकडील उंच भाग आणि ‘खालचा इजिप्त’ म्हणजे उत्तरेकडील त्रिभुज प्रदेश, हे आरंभीच स्पष्ट करावे.

या देशात पाऊस जवळजवळ पडत नाही. कैरो येथे वर्षाकाठी सरासरी एक इंचाच्या आसपास पाऊस होतो आणि दक्षिणेस अस्वान येथे तर कित्येक वर्षे थेंबही पडत नाही. महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण तालुक्यांतदेखील सुमारे वीस इंच पाऊस पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या कोरडेपणाची कल्पना येईल. नदीच्या दोन्ही काठांना सुपीक जमिनीची पट्टी आहे. ती कोठे दोन-तीन किलोमीटर, तर कोठे वीस किलोमीटर रुंद आहे. पट्टी संपली की लगेच वाळवंट लागते. प्राचीन इजिप्तचे लोक आपल्या देशास ‘केमेत’ म्हणजे काळी भूमी म्हणत आणि भोवतालच्या वाळवंटास ‘देशरेत’ म्हणजे तांबडी भूमी म्हणत. काळ्या भूमीत शेती होई व गावे वसत. तांबड्या भूमीच्या कडेला मृतांना पुरले जाई.

पूर कोठून येई

ज्या देशात पाऊस नाही त्या देशाच्या नदीला ऐन उन्हाळ्यात पूर कसा येतो, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा व त्यांस थोडा विचार करू द्यावा. उत्तर नकाशातच आहे. नाईलच्या दोन मुख्य शाखा आहेत. पांढरी नाईल मध्य आफ्रिकेतील मोठ्या सरोवरांच्या प्रदेशातून येते व बारा महिने वाहते. निळी नाईल इथिओपियाच्या पठारावरील ताना सरोवरातून निघते. खार्टूम येथे या दोघींचा संगम होतो आणि त्याच्या उत्तरेस अटबारा नदी येऊन मिळते. इथिओपियाच्या पठारावर जून ते सप्टेंबर या महिन्यांत मोठा पाऊस पडतो. पुराचे पाणी व गाळ यांचा फार मोठा भाग निळी नाईल आणि अटबारा याच नद्या आणीत.

महाराष्ट्रातील शेतकरी ज्या महिन्यांत नैर्ऋत्य मोसमी पावसाकडे डोळे लावून बसतो, त्याच महिन्यांत इथिओपियात पाऊस कोसळत असतो. दुसरे साम्य मातीचे आहे. दख्खनचे पठार ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या बेसाल्ट खडकाचे आहे आणि इथिओपियाच्या पठाराचा मोठा भागही तशाच खडकाचा आहे. तो खडक झिजून झालेली काळी माती पुराबरोबर वाहत येई व इजिप्तच्या शेतात बसे.

प्राचीन इजिप्तच्या लोकांना या उगमाचे ज्ञान नव्हते. अस्वानजवळील एलेफंटाईन बेटापाशी खडकाखालच्या गुहांतून पूर बाहेर पडतो, अशी त्यांची समजूत होती. पुराच्या देवतेस ते ‘हापी’ म्हणत व मोठे पोट असलेल्या, हातांत अन्नपाणी घेतलेल्या पुरुषाच्या रूपात तिचे चित्र काढीत.

वर्षाचे तीन ऋतू

जूनच्या अखेरीस अस्वान येथे पाणी चढू लागे. सप्टेंबरच्या आरंभी पूर सर्वांत उंच असे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत तो ओसरे. या क्रमावरून इजिप्तच्या लोकांनी वर्षाचे चार-चार महिन्यांचे तीन ऋतू मानले. ‘अखेत’ हा पुराचा, ‘पेरेत’ हा जमीन उघडी पडून पीक वाढण्याचा आणि ‘शेमू’ हा सुगीचा ऋतू होय. तीस दिवसांचा एक महिना, असे बारा महिने आणि वर असलेले पाच दिवस मिळून ३६५ दिवसांचे वर्ष होई.

वर्षाचा खरा काळ ३६५ दिवसांहून सुमारे पाव दिवसाने अधिक असतो. हा पाव दिवस सोडून दिल्यामुळे पंचांग दर चार वर्षांस एक दिवस आणि १२० वर्षांत सुमारे एक महिना सरके. परिणामी पुराचा ऋतू म्हणून लिहिलेल्या महिन्यांत शेतात पीक उभे असे. इ. स. पू. २३८ मध्ये पुरोहितांच्या सभेने दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढविण्याचा ठराव केला, पण तो रूढ झाला नाही. पुराची खरी चाहूल लागे ती आकाशावरून. व्याध हा तेजस्वी तारा काही आठवडे दिसेनासा होऊन पुन्हा पहाटे पूर्वेस उगवू लागला, की नदी चढण्याचे दिवस जवळ आले असे समजत. महाराष्ट्रातील शेतकरी नक्षत्रांवरून पावसाचा अंदाज बांधतो, त्याच्याशी याची तुलना करता येईल.

पाणी अडविण्याची रीत

पुराचे पाणी शेतात नुसते पसरून ओसरले असते, तर उंच जमीन कोरडी राहिली असती व सखल जमिनीत दलदल झाली असती. म्हणून काठाच्या जमिनीत मातीचे बांध घालून मोठमोठे खाचर तयार करीत. नदी चढली की काठ फोडून पाणी त्यांत घेत व वाट बंद करीत. साधारण सहा ते आठ आठवडे पाणी उभे राही. तेवढ्या अवधीत गाळ खाली बसे आणि जमीन खोलवर भिजे. नदी उतरल्यावर उरलेले पाणी खालच्या खाचरात किंवा परत नदीत सोडीत.

या निचऱ्याचे महत्त्व विद्यार्थ्यांना विशेषकरून सांगावे. जाणारे पाणी जमिनीतील क्षार धुऊन नेई. सुगीनंतर जमीन उन्हाळाभर मोकळी राही व तिला खोल भेगा पडत; त्यामुळेही तिचा कस टिके. प्राचीन मेसोपोटेमियात टायग्रिस व युफ्रेटीस या नद्यांचे पूर वसंत ऋतूत, म्हणजे पीक उभे असताना येत. तेथे कालव्यांनी पाणी द्यावे लागे व निचरा नीट होत नसे. त्यामुळे पुष्कळ जमीन खारावली. नाईलचा पूर सुगी आटोपल्यावर येई आणि पेरणीपूर्वी उतरे, हे इजिप्तचे मोठे भाग्य होय.

इ. स. पू. ३१०० च्या सुमाराच्या एका दगडी गदेच्या मस्तकावर विंचू या चिन्हाने ओळखला जाणारा राजा कुदळ घेऊन पाण्याच्या काठी उभा असलेला कोरला आहे. कालवा खोदण्याचा किंवा बांध फोडण्याचा तो विधी असावा, असे अभ्यासक मानतात. बांधांची दैनंदिन व्यवस्था मात्र बहुतांशी गावे व प्रांतच पाहत. एका गावाने बांध राखण्यात हयगय केली, तर शेजारच्या गावाचेही पाणी जाई.

उंच जमिनीस व भाजीच्या मळ्यांस हाताने पाणी द्यावे लागे. इ. स. पू. चौदाव्या-तेराव्या शतकांतील थडग्यांच्या चित्रांत त्यासाठीचे साधन दिसते. उभ्या खांबावर आडवी काठी, तिच्या एका टोकाला मातीचा गोळा आणि दुसऱ्या टोकाला पाण्याचे भांडे, अशी त्याची रचना असे. कोकणात व गोव्यात याच जातीच्या साधनास लाट म्हणतात.

पेरणीपासून खळ्यापर्यंत

जमिनीस वाफसा येताच पेरणीची घाई होई. कारण पुढे पाऊस येणार नव्हता. भिजलेल्या जमिनीतील ओलीवरच सर्व पीक यावयाचे असे. हलका लाकडी नांगर बैलांकडून किंवा गाईंकडून ओढवीत, बी हाताने फेकीत आणि ते मातीत दडपावे म्हणून शेतातून मेंढरे हाकीत. मुख्य पिके दोन: गहू आणि सातू. येथील गहू खपली जातीचा होता. सातारा, सांगली व कोल्हापूर या भागांत खपली आजही पिकते. शक्य झाल्यास तिची एक ओंबी वर्गात दाखवावी. या गव्हाचे टरफल मळणीत सुटत नाही, ते कांडून काढावे लागते. यांखेरीज जवस, मसूर, कांदे व लसूण ही पिके होत. जवसाच्या वाखापासून लिननचे कापड विणीत.

मार्चपासून कापणी सुरू होई. लाकडी विळ्यास गारगोटीचे धारदार दाते बसविलेले असत. खळ्यावर गुरे किंवा गाढवे फिरवून मळणी करीत व वाऱ्यावर उफणून भूस वेगळे काढीत. त्यानंतर कारकून माप घेऊन येई.

पुराचे माप

नदीकाठच्या दगडी पायऱ्यांवर व भिंतींवर खुणा कोरून पुराची उंची मोजीत. एलेफंटाईन येथील असे मापक प्रसिद्ध आहे. मोजण्याचे एकक ‘हात’ हे होते. इजिप्तचा राजमान्य हात सुमारे साडेबावन्न सेंटिमीटरांचा, म्हणजे महाराष्ट्रात पूर्वी चालणाऱ्या अठरा इंची हाताहून थोडा मोठा असे. त्याच्या सात मुठी व अठ्ठावीस बोटे मानीत. पालेर्मो शिला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन लेखात अगदी आरंभीच्या राजांच्या काळातील पुरांची वर्षवार उंची हात, मुठी व बोटे अशी नोंदलेली आढळते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने दिलेल्या हिशेबाप्रमाणे पाणी बारा हातांवर थांबले तर दुष्काळ पडे, चौदा हातांवर लोकांस दिलासा मिळे आणि सोळा हातांवर आबादी होई. म्हणजे दुष्काळ व आबादी यांमध्ये अवघ्या चार हातांचे, सुमारे दोन मीटरांचे अंतर होते. शिक्षकांनी वर्गाच्या भिंतीवर जमिनीपासून दोन मीटरांवर खडूची रेघ ओढावी. एका देशाचे वर्षाचे अन्न एवढ्या उंचीत ठरत असे, हे त्या रेघेवरून विद्यार्थ्यांस जसे समजेल तसे नुसत्या शब्दांनी समजणार नाही.

मोजणी व हिशेब

पुराने बांध पुसले जात व काठची जमीन कधी कापली जाई. म्हणून हद्दी पुन्हा मोजण्यासाठी दोरी घेऊन हिंडणारे मोजणीदार असत. थीब्झ येथील मेन्ना नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात, इ. स. पू. १४०० च्या सुमाराच्या चित्रात, उभ्या पिकात दोरी ताणून चाललेली मोजणी दिसते. नदीने ज्याची जमीन नेली त्याचा सारा त्या मानाने कमी केला जाई, आणि भूमितीचा उगम या मोजणीतून झाला असावा, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इ. स. पू. पाचव्या शतकात नोंदविले आहे.

शंभर हात लांब व शंभर हात रुंद जमीन हे क्षेत्राचे एकक होते. ते सुमारे २७ गुंठे भरते. इ. स. पू. १५५० च्या सुमारास आहमेस नावाच्या लेखनिकाने नकलून ठेवलेल्या गणिताच्या पपायरसात वर्तुळाकार शेताचे एक उदाहरण आहे. व्यास नऊ असल्यास त्यातून एक नववा भाग, म्हणजे एक, वजा करावा व उरलेल्या आठाचा वर्ग करावा. उत्तर ६४ येते. आजच्या रीतीने ते सुमारे ६३.६ येते. वरच्या इयत्तेतील विद्यार्थ्यांकडून हे उदाहरण अवश्य करून घ्यावे.

नाणी प्रचारात नसल्याने साऱ्याचा व मजुरीचा व्यवहार धान्यात होई. राजांची थडगी कोरणाऱ्या देर अल्-मदीना येथील कारागिरास महिन्यास साधारणपणे चार पोती खपली आणि दीड पोते सातू मिळे. इ. स. पू. बाराव्या शतकात, तिसरा रामसेस राजा असताना, हे धान्य वेळेवर पोचेनासे झाले. कारागिरांनी काम थांबविले व ते देवळांपाशी जाऊन बसले. जगाच्या इतिहासात नोंदलेला हा पहिला संप मानला जातो. कोठारातून घरापर्यंतची वाटदेखील नदीच्या बांधाइतकीच सांभाळावी लागते, हे या प्रसंगावरून दिसते.

पुराच्या महिन्यांतील कामे

पुराच्या दिवसांत गावे उंचवट्यांवर बेटांसारखी दिसत आणि शेतकऱ्यास शेतात काम नसे. मात्र पाणी पुष्कळ दूरवर पोचल्याने जड दगड होडीने नेणे सोपे जाई. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल्-जर्फ येथे २०१३ मध्ये सापडलेल्या पपायरसांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी मिळाली. इ. स. पू. २५५० च्या सुमारास त्याच्या सुमारे चाळीस माणसांच्या तुकडीने तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड होडीने गिझाच्या मोठ्या पिरॅमिडाकडे नेले. नदीचा प्रवाह उत्तरेकडे जातो व वारा बहुधा उत्तरेकडून वाहतो. म्हणून जाताना प्रवाहाबरोबर आणि परतताना शिडावर, असा प्रवास दोन्ही दिशांनी सुकर होई.

पूर चुकला तर

फार मोठा पूर आला तर बांध फुटत, कोठारे भिजत, घरे वाहून जात व पेरणीस उशीर होई. कमी पुराचे संकट याहूनही दारुण असे. इ. स. पू. २२०० नंतर अनेक वर्षे पूर उणे आले. प्राचीन राज्याची सत्ता मोडण्यामागे जी कारणे होती त्यांत हेही एक होते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्यानंतरच्या काळातील अंखतिफी या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यातील लेखात भयंकर उपासमारीचे वर्णन असून, आपल्या प्रांतात कोणास भुकेने मरू दिले नाही, असा त्याचा दावा आहे. थडग्यातील लेखांत स्तुती अधिक असते. तरीही धान्य वाटल्याचा अभिमान कोरून ठेवावासा वाटला, यावरून त्या काळी अधिकाऱ्याची योग्यता कशावरून ठरे हे कळते.

नाईलचे अपयश व भारतातील अवर्षण ही कधी कधी एकाच वेळी येतात. १८७७ साली नाईलचा पूर फारच कमी आला व इजिप्तमध्ये मोठे क्षेत्र कोरडे राहिले. त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ या वर्षांत, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. १८९९ साली पुन्हा नाईल उणी राहिली आणि भारतात ‘छप्पनचा दुष्काळ’ पडला. प्रशांत महासागराचे पाणी ‘एल निनो’च्या वर्षी नेहमीपेक्षा अधिक तापते व त्याचा परिणाम दोन्ही प्रदेशांच्या पावसावर होतो.

पुढील काळ

ही शेतीपद्धती थोड्याफार फरकाने एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली. १९०२ मध्ये अस्वान येथे पहिले धरण पूर्ण झाले. उंच धरणाचे काम १९६० मध्ये सुरू होऊन १९७० मध्ये संपले. १९६४ पासूनच त्यात पाणी अडू लागले होते. तेव्हापासून इजिप्तच्या शेतात पूर येत नाही. वर्षभर पाणी, एकाहून अधिक पिके व वीज हा लाभ झाला. परंतु गाळ धरणामागे अडकतो, म्हणून रासायनिक खते घालावी लागतात. क्षार धुतले जात नाहीत, म्हणून निचऱ्याचे चर व नळ घालावे लागतात. आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजतो आहे. नदी जी कामे फुकट करीत असे ती आता माणसास करावी लागतात. २०२५ मध्ये इथिओपियाने निळ्या नाईलवरील मोठ्या धरणाचे उद्घाटन केले. त्यामुळे नाईलच्या पाण्याच्या वाटपाचा प्रश्न आजही त्या देशांपुढे आहे.

अध्यापनाविषयी सूचना

१. पाठ दोन तासिकांत घ्यावा. पहिलीत देशाची रचना, पूर, ऋतू व शेती; दुसरीत माप, मोजणी, दुष्काळ व पुढील काळ असे भाग पाडावेत.

२. पसरट घमेल्यात माती घालून एका कडेला नदीचा चर करावा व चिखलाचे छोटे बांध घालावेत. गढूळ पाणी आत सोडून थोडा वेळ ठेवावे व मग काढून द्यावे. मागे राहिलेला गाळ विद्यार्थ्यांस बोटांनी चाचपू द्यावा.

३. गावातील पेरणी, खुरपणी, कापणी व मळणी यांचे महिने विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावेत व शेजारी इजिप्तचे तीन ऋतू मांडावेत. खरीप पेरणीच्या वेळी इजिप्तचा शेतकरी काय करीत असे, हे त्यांनीच शोधावे.

४. पिरॅमिडांची माहिती शेवटी द्यावी. ते बांधणाऱ्या माणसांचे धान्य कोठून येई, हा प्रश्न तेव्हा विद्यार्थी आपण होऊन विचारतील.

स्वाध्याय

१. इजिप्तमध्ये पाऊस नसताना नाईलला पूर का येत असे?
२. खाचरातील पाणी काढून दिले नसते तर जमिनीचे काय झाले असते?
३. बारा हात व सोळा हात पूर यांतील फरक मीटरमध्ये काढा.
४. ३६५ दिवसांचे वर्ष धरल्यास २४० वर्षांत पंचांग सुमारे किती दिवसांनी सरकेल?
५. इजिप्तच्या शेतीत नदीने केलेली कामे व माणसांनी केलेली कामे अशा दोन याद्या करा. कोणती यादी मोठी होते ते पाहा.